संगणकावरील मराठी मजकूर आणि विशेष चिन्हांचा प्रश्न

देवनागरी छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या कंपॉझिटरसमोर शेकडो खणांच्या पेट्या मांडलेल्या असत, आणि एखादे अनवट जोडाक्षर लागले तर ते त्या खणांत आहे किंवा नाही, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे उभा राही. आज वर्ड प्रोसेसर उघडून बसलेल्या मनुष्याच्या हाताखाली शंभरएक कळांचा एकच फलक असतो. त्या फलकाच्या पाठीमागे मात्र युनिकोड नामक सर्वमान्य संकेतप्रणालीत दाखल झालेली सुमारे दीड लाख अक्षरे, अंक आणि चिन्हे असतात, आणि त्यांपैकी जे चिन्ह कळेवर छापलेले नाही ते मजकुरात कसे आणावे, ही विवंचना वकिलाच्या कारकुनापासून ग्रंथसंपादकापर्यंत सर्वांना पडते. इंग्रजीत लिहिणाऱ्यास ती प्रसंगोपात्तच पडते : अंशाचे चिन्ह, स्वामित्वहक्काचे चिन्ह, एखाद्या फ्रेंच नावातील तिरकी मात्रा, एवढ्यापुरतीच त्याची अडचण असते. मराठी लिहिणाऱ्याची स्थिती निराळी आहे. ‘वाऱ्यावर’, ‘बँक’, ‘दुःख’, ‘वाङ्‌मय’ हे शब्द काही दुर्मीळ नव्हेत; ते रोजच्या पत्रव्यवहारात येतात. तरीही यांतील प्रत्येक शब्द संगणकावर एकाहून अधिक प्रकारांनी लिहिला जातो, त्यांपैकी काही प्रकार सदोष असतात, आणि तो दोष नुसत्या डोळ्यांना बहुधा दिसत नाही. सबब या आढाव्यात सर्वसाधारण चिन्हांच्या युक्त्यांचा परामर्श घ्यावयाचा असला, तरी अधिक जागा मराठीच्या या नित्याच्या अक्षरांना देणे मला आवश्यक वाटते.

हा प्रश्न संगणकाबरोबरच जन्मास आला असे समजण्याचे कारण नाही. जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६९ मध्ये स्थापिलेल्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना जे सौष्ठव आणले त्याची कीर्ती महाराष्ट्राबाहेरही पसरली. तथापि त्या सौष्ठवासाठी जोडाक्षरांचे, रफारांचे आणि उकारांचे इतके निरनिराळे खिळे बाळगावे लागत की, वृत्तपत्राच्या घाईला ते जड जावे. खिळ्यांची ही संख्या कशी घटवावी याचा विचार टिळकांनी केसरीच्या छपाईसाठी केला, सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी पुरस्कारून स्वरांचे स्वतंत्र खिळे वाचविण्याचा मार्ग सुचविला, आणि १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या लिपीसुधारणा परिषदेने ऱ्हस्व वेलांटीसुद्धा व्यंजनाच्या उजवीकडे द्यावी, अशी शिफारस केली. पुढे देवनागरी टंकलेखन यंत्र कचेऱ्यांतून रूढ झाले, तेव्हा साऱ्या लिपीला नव्वदच्या आसपास ठशांत कोंबण्याची पाळी आली, आणि काना, मात्रा, अर्धी अक्षरे व तुकडे एकमेकांशेजारी ठोकून अक्षर उभे करण्याची सवय कारकुनांच्या बोटांना जडली. देवनागरी मुद्राक्षरांच्या या सगळ्या वाटचालीचा इतिहास बापूराव नाईक यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तीन खंडांच्या इंग्रजी ग्रंथात नोंदवून ठेवला आहे. या इतिहासातील एक गोष्ट प्रस्तुत विषयाला फार जवळची आहे : यंत्रावर जे अक्षर सुलभपणे उमटत नाही ते लिहिणारा टाळतो, किंवा त्याच्यासारखे दिसणारे दुसरे काहीतरी त्याच्या जागी बसवितो. टंकलेखन यंत्राच्या कागदावर या सवयीने फारसे बिघडत नसे, कारण कागद वाचणारा मनुष्यच असे.

संगणकाच्या आरंभीच्या काळात हीच सवय फाँटांच्या रचनेत शिरली. फाँटातील २५६ जागांपैकी ज्या जागा वस्तुतः रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या होत्या, त्यांवर देवनागरी अक्षरांचे अवयव बसविण्यात आले. शिवाजी, कृतिदेव, सीडॅकच्या डीव्हीबी-टीटी कुलातील फाँट, श्री-लिपी इत्यादींनी मराठी मुद्रणाची मोठी सेवा केली हे कृतज्ञतापूर्वक मान्य केलेच पाहिजे. त्यांच्यावाचून १९९० नंतरची मराठी पुस्तके आणि नियतकालिके इतक्या वेगाने निघती ना. परंतु पडद्यावर मराठी दिसत असली तरी फाइलमध्ये साठविले जाई ते रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे निरर्थक कडबोळे, आणि प्रत्येक घराण्याची मांडणी वेगळी असल्यामुळे तोच फाँट दुसऱ्या यंत्रावर नसला की सगळा मजकूर अर्थशून्य होई. अशा फायलींची दफ्तरे आजही प्रकाशकांकडे आणि छापखान्यांत पडून आहेत, आणि त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करताना जी अक्षरे प्रथम बिघडतात ती नेमकी पुढे ज्यांचा विचार करावयाचा आहे तीच असतात.

सुधारणेचा पाया मात्र त्याच काळात घातला जात होता. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये आरंभिलेले आणि पुढे पुण्यास १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सीडॅकने वाढविलेले जिस्ट तंत्र, भारतीय लिप्यांसाठी आखलेला इनस्क्रिप्ट कळफलक, आणि भारतीय मानक संस्थेने १९९१ साली आयएस १३१९४ या क्रमांकाने मान्य केलेला ‘इस्की’ हा संकेत, या तिन्ही गोष्टी एकाच विचारातून आल्या होत्या : अक्षराची ओळख साठवावी, आणि त्याचा आकार कसा काढावयाचा ते यंत्राने ठरवावे. युनिकोडने आपल्या देवनागरी विभागासाठी १९८८ च्या इस्कीचाच आराखडा आधाराला घेतला. म्हणून आज आपण ‘कि’ लिहितो तेव्हा आधी ‘क’ आणि नंतर वेलांटी अशी नोंद होते व वेलांटी डावीकडे नेऊन ठेवण्याचे काम फाँट करतो. लखनौ परिषदेला उच्चाराचा जो क्रम डोळ्यांसमोर आणावयाचा होता तो संगणकाने स्मृतीत पाळला, आणि लेखनाचे पारंपरिक रूपही अबाधित राखले. विंडोज २००० बरोबर मंगल हा फाँट आला, आणि हे तत्त्व सामान्य मनुष्याच्या वर्ड प्रोसेसरपर्यंत पोहोचले.

आता कळेवर नसलेले चिन्ह मजकुरात आणण्याचे जे सर्वसामान्य मार्ग आहेत ते पाहू. पहिला आणि सर्वांना ठाऊक असलेला मार्ग म्हणजे इन्सर्ट या यादीतील सिंबलचा तक्ता उघडून हवे ते चिन्ह टिपणे. लिब्रेऑफिसमध्ये हाच तक्ता स्पेशल कॅरॅक्टर या नावाने येतो, आणि त्यात चिन्हाच्या नावावरून शोध घेण्याची व नेहमीची चिन्हे बाजूला ठेवण्याची सोय आहे, ती चांगली आहे. हा मार्ग वर्षातून एकदा लागणाऱ्या चिन्हाला पुरेसा होय. परंतु त्यात एक खाचखळगा आहे. तक्त्यात फाँट म्हणून विंगडिंग्जसारखा चित्रांचा संच निवडला, तर जे चिन्ह येते त्याला सर्वमान्य संकेत नसतो, आणि मजकूर दुसरीकडे नेला की त्या जागी रिकामी चौकट किंवा भलतेच चिन्ह दिसते. म्हणून बाण, टिकमार्क वा चौकोन हवा असल्यास तो साध्या फाँटाच्या तक्त्यातून घ्यावा.

दुसरा मार्ग संकेतांकाचा. विंडोजवरील वर्डमध्ये चिन्हाचा युनिकोड अंक रोमन लिपीत लिहून ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबल्या की अंकाच्या जागी चिन्ह येते : २०बी९ लिहिले की रुपयाचे चिन्ह, ०९७२ लिहिले की ‘ॲ’. लिब्रेऑफिसच्या अलीकडील आवृत्त्यांतही ही सोय आहे. या युक्तीचा खरा उपयोग उलट दिशेने होतो, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. एखाद्या संशयित अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून याच कळा दाबल्या असता त्या अक्षराचा अंक प्रकट होतो, आणि पुन्हा दाबल्या असता अक्षर पूर्ववत होते. पडद्यावर जे दिसते तेच फाइलमध्ये आहे काय, याची शहानिशा करण्याचे याहून सोपे साधन सामान्य लेखकाच्या हाती नाही. मराठी मजकूर तपासणाऱ्या प्रत्येकाने ते शिकून घ्यावे असे मी आग्रहाने म्हणेन. ऑल्ट दाबून उजवीकडील अंकफलकावर दशमान अंक टिपण्याचा जुना मार्ग आता मागे पडत चालला आहे, कारण पुष्कळ लहान संगणकांना तो अंकफलकच नसतो.

तिसरा मार्ग ऑटोकरेक्टचा, म्हणजे एक लिहिले असता दुसरे आपोआप उमटण्याचा. कंसात रोमन ‘सी’ लिहिला की स्वामित्वहक्काचे चिन्ह उमटते, हे याचेच उदाहरण. आणि इंग्रजी कायद्यातील खंडांचा उतारा मसुद्यात घेताना खंड ‘ए’, खंड ‘बी’ यांच्यामागून तिसऱ्या खंडाच्या जागी ते चिन्ह अकस्मात येऊन बसते, हा अनुभव कायद्याचे मसुदे लिहिणाऱ्यांना नवा नाही. तेवढ्यापुरते लगेच कंट्रोल आणि झेड दाबून ते मागे घेता येते. आपल्या मर्जीच्या नोंदी या यादीत घालता येतात, आणि ज्या कारकुनास एकच चिन्ह दिवसातून अनेकदा लागते त्याने तसे अवश्य करावे. मात्र ही सोय त्या यंत्रापुरतीच असते आणि ती बहुतांशी पूर्ण शब्दांवर चालते, शब्दाच्या पोटातील अक्षरांवर चालत नाही. चौथा मार्ग म्हणजे योग्य तो कळफलकच निवडणे. मराठीच्या बाबतीत खरा उपाय हाच आहे, आणि त्याकडे शेवटी वळावयाचे आहे.

मराठीच्या अडचणींत अग्रस्थान ‘ऱ्’ला द्यावे लागेल. ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे ‘य’ ठेवला की युनिकोडच्या नियमानुसार रफार होतो आणि ‘र्य’ मिळतो. ‘आचार्य’, ‘सूर्य’, ‘कार्य’ यांना तो हवाच. परंतु मराठीत रफार न होता ‘य’च्या किंवा ‘ह’च्या डावीकडे लहानशा वक्र रेषेने दाखविला जाणारा अर्धा ‘र’ही आहे, आणि त्याच्यावर अर्थभेद अवलंबून आहे. ‘आचार्यांना बोलावले’ म्हणजे विद्वानांना, आणि ‘आचाऱ्यांना बोलावले’ म्हणजे स्वयंपाक्यांना. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. कऱ्हाड, वऱ्हाड, कऱ्हा नदी, कुऱ्हाड, बिऱ्हाड, तऱ्हा, ऱ्हास, ऱ्हस्व, हे शब्द या अक्षरावाचून लिहिताच येत नाहीत. हिंदीला या अक्षराची गरज नसल्यामुळे, हिंदीसाठी रचलेल्या साधनांत मराठी लिहिणाऱ्याला ते सापडत नाही आणि मग तो ‘वार्यावर’, ‘तुमच्या बरोबरच्या सार्यांना’ असे लिहून मोकळा होतो. वाचणारा संदर्भाने समजून घेतो. म्हणून हा दोष पसरत राहिला आहे.

युनिकोडने या अक्षरासाठी दोन वाटा ठेवल्या आहेत. पहिली वाट अशी की, मुळात द्राविडी भाषांतील एका वर्णासाठी दिलेला, खाली टिंब असलेला ‘ऱ’ (अंक ०९३१) घ्यावा, त्याचा पाय मोडावा आणि पुढे ‘य’ किंवा ‘ह’ लिहावा. मग फाँट टिंब न दाखविता अर्धा ‘र’ काढतो. दुसरी वाट युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी जुळते राहावे म्हणून ठेवलेली आहे : साधा ‘र’, त्याचा हलन्त, आणि त्यानंतर शून्य रुंदीचा सांधक हे अदृश्य चिन्ह (अंक २००डी). दोन्हींचे दृश्य रूप एकच येते, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द होत. एका पद्धतीने लिहिलेले ‘कऱ्हाड’ दुसऱ्या पद्धतीने शोधले तर पुष्कळदा सापडत नाही, आणि एखाद्या नोंदवहीत दोन कारकुनांनी दोन पद्धती वापरल्या असतील तर एकाच गावाची नावे दोन ठिकाणी पडतात. माझ्या मते पहिलीच वाट प्रमाण मानावी. दुसरीचा सारा भार एका अदृश्य चिन्हावर आहे, आणि मजकूर एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेताना अशी अदृश्य चिन्हे गाळली जाण्याचा संभव नेहमी असतो. ते गळले की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, आणि चूक लिहिणाऱ्याची की यंत्राची हे मागाहून सांगता येत नाही.

दुसरी अडचण ‘ॲ’ची. इंग्रजीतून आलेला हा स्वर ‘ॲड.’, ‘ॲप’, ‘ॲसिड’ अशा शब्दांतून आज सर्वत्र येतो, आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने जी मराठी वर्णमाला प्रमाण ठरविली तीत ‘ॲ’ व ‘ऑ’ या दोन्ही स्वरांना स्थान दिले. युनिकोडमध्ये आरंभी केवळ ‘ऍ’, म्हणजे ‘ए’वर अर्धचंद्र असलेले, हिंदीच्या वळणाचे अक्षर होते. मराठी लिहिणाऱ्यांना ‘अ’वरचा अर्धचंद्र हवा होता, त्यांनी ‘अ’ लिहून त्यापुढे अर्धचंद्राची मात्रा जोडण्याची तोड काढली. अखेर २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत ‘ॲ’ला ०९७२ हा स्वतःचा अंक मिळाला, आणि ‘अ’ला मात्रा जोडून हे अक्षर बनवू नये असे युनिकोडने स्पष्ट केले. तरीही आज तिन्ही प्रकार चालू आहेत, आणि यांतील दुसरा व तिसरा प्रकार दिसण्यात सारखेच असल्यामुळे लिहिणाऱ्यास आपण कोणता वापरला याचा पत्ता नसतो. येथे तडजोडीला जागा नाही असे मला वाटते. नव्या मजकुरात ०९७२ हाच अंक वापरावा, आणि जुन्या मजकुरातील दोन तुकड्यांचा ‘ॲ’ ‘शोधा आणि बदला’ या आज्ञेने एकदाच काढून टाकावा. ‘आ’ऐवजी ‘अ’ला काना आणि ‘ओ’ऐवजी ‘अ’ला काना-मात्रा जोडण्याचा जो प्रकार कधीकधी आढळतो, तोही याच न्यायाने त्याज्य होय.

‘बँक’ या शब्दाची कथा याहून सूक्ष्म आहे, कारण तीत चूक कोणती हे सांगणेच कठीण आहे. उच्चाराच्या दृष्टीने पाहिले तर ‘ब’वर अर्धचंद्र आहे आणि त्यावर अनुस्वार आहे, म्हणजे दोन चिन्हे, रूपाच्या दृष्टीने पाहिले तर तोच चंद्रबिंदू, म्हणजे एक चिन्ह. ‘काँग्रेस’मध्येही तेच : कान्यावर चंद्रबिंदू द्यावा, की अर्धचंद्रयुक्त काना देऊन त्यावर अनुस्वार द्यावा? दोन्ही रीती प्रचारात आहेत, त्यांना युनिकोड समान मानीत नाही, आणि एकाच वृत्तपत्राच्या संग्रहात शोध घेतला तर काही बातम्या एका रीतीने मिळतात व काही दुसरीने. बहुसंख्य मजकूर चंद्रबिंदूने लिहिलेला असल्यामुळे तोच स्वीकारावा, असा माझा कल आहे. पण माझ्या कलापेक्षा, निदान एका संस्थेच्या दफ्तरात तरी एकच रीत असणे अधिक महत्त्वाचे आहे.

विसर्गाच्या बाबतीत असा काही मतभेद संभवत नाही, आणि तरीही सर्वांत अधिक हेळसांड त्याचीच होते. ‘दुःख’, ‘अंतःकरण’, ‘प्रातःकाल’ यांत विसर्गाऐवजी अपूर्णविरामाची दोन टिंबे देण्याची खोड इतकी मुरली आहे की, छापील पुस्तकांतही ती आढळते. विसर्ग हे अक्षराला चिकटलेले देवनागरी चिन्ह आहे (अंक ०९०३), आणि अपूर्णविराम हे शब्दाबाहेरचे विरामचिन्ह आहे. दोन टिंबे दिली की संगणक ‘दु’ आणि ‘ख’ असे दोन शब्द मानू शकतो. शुद्धलेखन तपासणारे साधन दोहोंखाली लाल रेघ ओढते, आणि अंध वाचकांना मजकूर वाचून दाखविणारे यंत्र मध्येच अडखळते. या शेवटच्या गोष्टीचा विचार आपल्याकडे फारच थोडा होतो. पूर्णविरामाच्या दंडाऐवजी उभी रेघ, अवग्रहाऐवजी रोमन ‘एस’, हेही याच जातीचे दोष असून संस्कृत वचने उद्धृत करणाऱ्या ग्रंथांत ते विशेष खटकतात.

अदृश्य चिन्हांचा उल्लेख वर एकदा आला. त्यांचे स्वतंत्र प्रयोजनही आहे. ‘वाङ्‌मय’, ‘दिङ्‌मूढ’, ‘वाक्‌चातुर्य’ अशा शब्दांत पाय मोडलेले अक्षर हलन्तासह स्वतंत्र दाखवावयाचे असेल, तर हलन्तानंतर शून्य रुंदीचा विभाजक (अंक २००सी) द्यावा लागतो. नाहीतर फाँट दोन्ही अक्षरे एकत्र करून जोडाक्षर बनवितो, आणि काही फाँटांतील ते जोडाक्षर आजच्या वाचकाला ओळखूही येत नाही. उलट जोडाक्षराऐवजी अर्धे अक्षर हवे असेल तेथे सांधक देतात, जसे ‘क्ष’च्या घटकांची फोड करून ‘क्‍ष’ दाखविताना. व्याकरणाच्या आणि बालवाचनाच्या पुस्तकांना याची गरज पडते. वर्डच्या विशेष चिन्हांच्या तक्त्यात ही दोन चिन्हे ‘नो-विड्थ ऑप्शनल ब्रेक’ आणि ‘नो-विड्थ नॉन ब्रेक’ अशा भलत्याच नावांनी दिलेली आहेत. त्यामुळे शोधणाऱ्याची दिशाभूल होते. अंक लक्षात ठेवणे बरे. ही चिन्हे जरूर तेथेच द्यावीत. एकदा का ती सवयीने कोठेही पेरली गेली की शोध आणि अनुक्रम दोन्ही बिघडतात.

याच्या अगदी उलट प्रकार ‘ल’ आणि ‘श’ यांचा आहे. मराठी वळणाचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हे २००९ च्या त्याच शासन निर्णयाने प्रमाण मानले, आणि हिंदीच्या वळणाची अक्षरे पाहून अनेक मराठी लेखक चिन्हांच्या तक्त्यात आपला ‘ल’ शोधीत बसतात. तो तेथे मिळणार नाही, आणि मिळू नये हेच योग्य आहे, कारण अक्षर एकच असून भेद केवळ आकाराचा आहे. उपाय फाँटाकडे आहे : एकतर मूळचाच मराठी वळणाचा फाँट घ्यावा, किंवा ज्या फाँटात भाषेनुसार रूप बदलण्याची व्यवस्था आहे तो घेऊन मजकुराची भाषा मराठी आहे अशी नोंद वर्ड प्रोसेसरमध्ये करावी. लिब्रेऑफिसमध्ये अशी नोंद करताच योग्य फाँटातील ‘ल’ आणि ‘श’ आपले वळण बदलतात. भाषेची ही नोंद शुद्धलेखन तपासणीसाठीही लागते, म्हणून ती करण्यात कसूर करू नये.

रुपयाच्या चिन्हाविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथील गोंधळ आता बव्हंशी मिटला आहे. उदय कुमार यांनी रेखाटलेले ₹ हे चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत त्याला जागा मिळाली. मधल्या काळात काही फाँटांनी ते इंग्रजी फलकावरील एका क्वचित लागणाऱ्या चिन्हाच्या जागी बसविले होते, आणि त्या फाँटांत केलेले हिशेब आज उघडले तर रकमेआधी एक तिरका टिंबका तेवढा दिसतो. भारतीय इंग्रजी कळफलकावर उजवी ऑल्ट आणि चार या कळांनी हे चिन्ह येते. वैदिक स्वरचिन्हे आणि मोडी लिपी यांनाही युनिकोडने अनुक्रमे २००९ आणि २०१४ मध्ये विस्तृत जागा दिली. परंतु ती दाखविणारे फाँट मोजकेच असल्यामुळे, ज्यास अशा मजकुराचे संपादन करावयाचे आहे त्याने फाँट प्रथम निश्चित करून मगच लेखनास हात घालावा.

अवतरणचिन्हे आणि रेघा यांच्याकडे मात्र मराठी लेखनात पुरेसे लक्ष दिले जात नाही. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीने विरामचिन्हे मराठीत स्थिरावली, आणि तेव्हापासून संयोगचिन्ह व अपसारणचिन्ह यांचा भेद छापखान्यांनी काटेकोरपणे पाळला. वर्ड प्रोसेसरवर दोहोंसाठी एकच आखूड रेघ वापरली जाते. विंडोजवरील वर्डमध्ये कंट्रोलसह अंकफलकावरील वजाबाकीची कळ दाबली की मध्यम रेघ येते, तीत ऑल्टची भर घातली की लांब रेघ येते. आडनाव आणि आद्याक्षर, किंवा अंक आणि त्याचे परिमाण ओळीच्या शेवटी एकमेकांपासून तुटू नयेत, यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस यांनी न तुटणारी मोकळी जागा देता येते, ‘पु. ल. देशपांडे’ हे नाव दोन ओळींत विभागलेले ज्यास खुपते त्याने ही कळ अवश्य अंगवळणी पाडावी.

आता कळफलकाकडे. मराठी लिहिण्याचे तीन मार्ग प्रचारात आहेत : टंकलेखन यंत्राच्या सवयीचा रेमिंग्टन, रोमन अक्षरांत उच्चार लिहून देवनागरी मिळविण्याचा फोनेटिक, आणि इनस्क्रिप्ट. जुन्या कारकुनांच्या बोटांत बसलेल्या कौशल्याचा मान राखण्यासाठी रेमिंग्टन टिकला आहे, आणि त्यांना तो बदलावयास लावणे मला अन्यायाचे वाटते. परंतु नव्याने शिकणाऱ्यास तो शिकविण्याचे काही प्रयोजन उरलेले नाही. फोनेटिक पद्धती शिकावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. विंडोज १० च्या २०१९ मधील आवृत्तीपासून तो कळफलक मराठीसाठी उपलब्ध आहे, आणि त्याने हजारो लोकांना मराठीत लिहिते केले आहे. पण सुचविलेल्या शब्दांतून निवड करण्याची सवय लागली की आपण कोणते अक्षर लिहिले याची जाणीव बोथट होते, आणि ‘ऱ्’ व ‘ॲ’ यांच्या बाबतीत आपण त्या साधनाच्या मर्जीवर राहतो.

इनस्क्रिप्टची गोष्ट वेगळी आहे. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत, आणि प्रत्येक अक्षर विवक्षित कळेवर आहे. ‘सूर्या’तील ‘र्य’साठी जे, डी आणि तिरक्या रेघेची कळ क्रमाने दाबावी; ‘सुऱ्या’तील ‘ऱ्य’साठी त्याच तीन कळा त्याच क्रमाने दाबावयाच्या, फक्त जे दाबताना शिफ्ट धरावयाची. एवढ्या एका शिफ्टने मराठीतील सर्वांत अडचणीचे अक्षर सुटते, हे मी शिकविताना ज्यांना ज्यांना दाखविले त्यांनी ‘हे आधी कोणी सांगितले का नाही?’ असेच विचारले. ‘ल’ एनवर आहे, ‘ळ’ त्याच कळेवर शिफ्टसह. अनुस्वार एक्सवर, चंद्रबिंदू त्याच कळेवर शिफ्टसह. आणि विसर्गही त्या फलकावर स्वतंत्रपणे दिलेला आहे. या आराखड्यात एक खरी उणीव आहे, ती लपविण्यात अर्थ नाही : प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह आणि अवतरणचिन्हे यांच्या जागा अक्षरांनी घेतल्यामुळे, मूळ आराखड्यात ती मिळत नाहीत आणि त्यांच्यासाठी इंग्रजी फलकाकडे जाऊन यावे लागते. संवादप्रधान कथा लिहिणाऱ्याला हा जाच होतो. विंडोजमध्ये विंडोज कळ आणि स्पेस यांनी फलक चटकन बदलतो, तरी मानक ठरविणाऱ्यांनी ही उणीव दूर करावी अशी मागणी रास्त आहे.

या सर्वांचा विचार करता माझे मत असे आहे की, ज्यास मराठीत नित्य लिहावयाचे आहे त्याने चिन्हांचे तक्ते आणि अंक पाठ करण्यात आयुष्य न घालविता काही आठवडे देऊन इनस्क्रिप्ट आत्मसात करावा, आणि तक्ते व अंक खरोखरच दुर्मीळ असलेल्या चिन्हांसाठी राखून ठेवावेत. प्रकाशनसंस्था, नियतकालिके आणि शासकीय कार्यालये यांना माझी विनंती अशी की, शुद्धलेखनाचे नियम जसे त्यांनी लेखी ठरविले आहेत तसे ‘ऱ्’, ‘ॲ’, ‘बँ’, विसर्ग आणि दंड यांचे संकेतांकही एका पानावर लेखी ठरवून प्रत्येक टंकलेखकाच्या हाती द्यावेत, आणि जुन्या फायली युनिकोडमध्ये आणताना हीच पाच अक्षरे प्रथम तपासावीत. वाचकांनीही आपल्या संग्रहातील एखादी मराठी फाइल उघडून तीत ‘दु’नंतर दोन टिंबे आहेत की विसर्ग आहे, एवढे तरी आज पाहावे, टिंबे निघाल्यास ती सरसकट न बदलता एकेक पाहून बदलावी लागतील, कारण त्याच फाइलमध्ये योग्य ठिकाणी आलेले अपूर्णविरामही असतात.